अधिकारपदस्थांची वाक्ये आणि शासनांची उत्तरे : ज्यूविषयक काही उक्तींची भाषिक चिकित्सा

नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातील अल्-शिफा रुग्णालयाच्या दुर्दशेविषयी समाजमाध्यमावर लिहिताना राज्यसभेचे महाराष्ट्रातील सदस्य व ‘सामना’चे कार्यकारी संपादक श्री. संजय राऊत यांनी एक प्रश्न उपस्थित केला. हिटलर ज्यू समाजाचा एवढा द्वेष का करीत होता, हे आता उमगले काय, असा त्या प्रश्नाचा आशय होता. पुढे तो मजकूर काढून टाकण्यात आला. डिसेंबरच्या आरंभी इस्रायलच्या दिल्लीतील वकिलातीने परराष्ट्र मंत्रालयाकडे निषेध नोंदविल्याचे आणि लोकसभेच्या अध्यक्षांनाही पत्र धाडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. श्री. राऊत यांनी खुलासा केला तो असा की, मजकूर जुना आहे, तो काढलेला आहे आणि कोणास दुखविण्याचा हेतू नव्हता. राजकीय वार्तेच्या दृष्टीने प्रकरण किरकोळ ठरले व थंडावले. भाषेच्या अभ्यासकाने मात्र ते इतक्या लौकर हातावेगळे करणे योग्य नव्हे. कारण निषेध, खुलासा आणि त्यांवरील चर्चा या सर्व खटाटोपात मूळ वाक्य काय म्हणते, याकडे फारच थोडे लक्ष गेले.

ते वाक्य काय म्हणते? वरकरणी काहीच म्हणत नाही. ते केवळ विचारते. परंतु ‘का’ या प्रश्नपदाचा स्वभाव असा आहे की, ते ज्या क्रियेला जोडले जाते त्या क्रियेला कारण असल्याचे आधीच मान्य करून घेते. ‘तो रागावला काय?’ या प्रश्नात राग अजून अनिश्चित आहे. ‘तो का रागावला?’ यात राग निश्चित आहे आणि त्याला कारण आहे, हेही निश्चित आहे, अज्ञात आहे ते केवळ त्या कारणाचे नाव. त्यापुढे ‘उमगणे’, ‘समजणे’, ‘कळणे’ या क्रियापदांचा विचार केला पाहिजे. ‘पाऊस पडला असे त्याला वाटले, पण पडला नव्हता’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘पाऊस पडला हे त्याला कळले, पण पडला नव्हता’ हे वाक्य मात्र स्वतःलाच खोडून काढते. मालवणच्या बोलीत ‘माका वाटला’ आणि ‘माका कळला’ यांत हाच भेद आहे, आणि तेथील निरक्षर माणूसही तो चुकत नाही. ‘वाटणे’ हे बोलणाऱ्याच्या मनापुरते असते. ‘कळणे’ मात्र वस्तुस्थितीला साक्षीस बोलावते. तेव्हा एका जमातीच्या द्वेषाला कारण होते, आणि ते आता कळण्याजोगे झाले आहे, ही दोन्ही विधाने त्या प्रश्नाने न मांडताच मान्य करवून घेतली. वाचकाने ‘होय’ म्हटले किंवा ‘नाही’ म्हटले, तरी द्वेषाला कारण होते हा भाग दोन्ही उत्तरांत शाबूतच राहतो. खुलाशात हेतूविषयी बोलले गेले. परंतु गृहीतार्थ हा हेतूचा भाग नसून रचनेचा भाग असतो, आणि हेतूचा इन्कार केल्याने रचना बदलत नाही.

येथे एक भेद स्पष्टपणे नोंदविला पाहिजे. रुग्णालयावरील कारवाईचा निषेध करणे, इस्रायलच्या शासनाला वा सैन्याला कठोर शब्दांत जाब विचारणे, हे कोणत्याही लोकप्रतिनिधीच्या अधिकारात येते, आणि त्या महिन्यांत जगभर अनेकांनी ते केले. त्या निषेधाच्या वाक्यांत कर्ता ‘शासन’, ‘सैन्य’, ‘पंतप्रधान’ असा असतो. प्रस्तुत वाक्यात कर्ता हिटलर आहे आणि द्वेषाचा विषय ‘समाज’ आहे; शासन त्यात कोठेही नाही. म्हणजे टीकेचा रोख राज्यावरून जमातीवर गेला तो एका नामाच्या निवडीने गेला, आणि तोही अशा काळातील जमातीवर की जेव्हा इस्रायल हे राज्य अस्तित्वातच नव्हते. १९४८ साली स्थापन झालेल्या राज्याच्या २०२३ मधील कृतीने १९३३ ते १९४५ मधील संहाराचे ‘कारण’ कळावे, हा कालक्रम कोणत्याही व्याकरणात बसणारा नाही. जमात ही काळाबाहेरची, सदैव एकच असलेली वस्तू मानली तरच तो बसतो.

मराठीत ‘हिटलर’ या शब्दाची जी अवस्था झाली आहे, ती या वाक्याच्या मागे उभी आहे. ‘हिटलरशाही’ हा शब्द शाळेचे मुख्याध्यापक, कचेरीतील साहेब, प्रसंगी घरातील सासूबाई यांनाही सर्रास लावला जातो. दुसरीकडे शिस्तीचा आणि कणखरपणाचा नमुना म्हणूनही तेच नाव घेतले गेले. शिवसेनेचे संस्थापक बाळासाहेब ठाकरे यांनी १९९० च्या दशकातील मुलाखतींत हिटलरविषयी कौतुकाचे उद्गार काढले होते, हे सर्वश्रुत आहे. निंदा असो वा स्तुती, या दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान आहे : त्यांत ज्यू नाहीत. मराठीतील हिटलर हा कोणाचा संहारकर्ता नसून केवळ एक तापट, हुकूमबाज माणूस आहे. त्या दृष्टीने पाहिले असता श्री. राऊत यांचे वाक्य विलक्षण म्हणावे लागते. मराठी राजकारणाने विसरलेल्या ज्यूंना त्याने हिटलरच्या नावाशेजारी पुन्हा आणून बसविले, पण ते आरोपीच्या जागी.

आता शासकीय उत्तराकडे वळावे. निषेधपत्र लोकसभेच्या अध्यक्षांकडे गेल्याचे वृत्त खरे असेल, तर ते चुकीच्या दाराशी गेले. राज्यसभेच्या सदस्यावर लोकसभेच्या अध्यक्षांचा शिस्तीचा अधिकार चालत नाही. परंतु हा दोष वकिलातीच्या लेखनिकाचा मानून सोडून देता येईल. अधिक गंभीर गोष्ट अशी की, वाक्याने दुखावलेला पक्ष परकीय राज्य आहे, असे या पत्रव्यवहाराने एकदा ठरवून टाकले. वास्तविक ज्या जमातीविषयी ते वाक्य होते तिची एक शाखा कोकणातच वाढली. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून उतरले, अशी परंपरा सांगणारे बेने इस्राएल शतकानुशतके मराठीच बोलत आले. तेलाचे घाणे चालवावेत आणि शनिवारी ते बंद ठेवावेत, यावरून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. मालवणचा तो मालवणकर आणि वेंगुर्ल्याचा तो वेंगुर्लेकर, त्याच न्यायाने त्यांच्यातील पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर ही आडनावे सिद्ध झाली. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला तेव्हा कुलाब्यातील नरिमन हाउस हे ज्यूंचे ठिकाण म्हणूनच निवडले गेले होते. तेव्हा मुंबईत राहणाऱ्या लोकप्रतिनिधीने ज्यूंविषयी काढलेले उद्गार हा प्रथम महाराष्ट्रातील नागरिकांचा प्रश्न ठरतो, दोन देशांच्या मैत्रीचा त्यानंतर. पत्र दिल्लीहून दिल्लीला गेले. अलिबाग वाटेत लागलेच नाही.

शासनांना शब्द वाचता येत नाहीत असे मात्र नव्हे. २३ ऑगस्ट २०२१ रोजी महाड येथे बोलताना तत्कालीन केंद्रीय मंत्री व सिंधुदुर्गाचे नेते श्री. नारायण राणे यांनी मुख्यमंत्री श्री. उद्धव ठाकरे यांच्या कानाखाली वाजविण्याची भाषा केली. निमित्त होते स्वातंत्र्याला किती वर्षे झाली याविषयी मुख्यमंत्र्यांच्या भाषणात झालेल्या अडखळण्याचे. राज्यात ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले आणि दुसऱ्याच दिवशी संगमेश्वर तालुक्यात त्यांना अटक झाली. रात्री महाडच्या न्यायालयाने जामीन दिला. कोकणच्या तोंडी ‘कानाखाली’ हा प्रयोग किती वेळा प्रत्यक्ष थपडेचा आणि किती वेळा केवळ वैतागाचा असतो, हे त्या भागात चार दिवस काढलेल्या कोणालाही ठाऊक असेल. शासनाने तो वाच्यार्थाने घेतला. हे वाचन बरोबर की चूक, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एवढे दिसते की, दुखावलेली व्यक्ती सत्तास्थानी असेल तर शब्दांचा अर्थ एका दिवसात निश्चित होतो. त्या वेळी राज्यात सत्ता होती ती श्री. राऊत यांच्याच पक्षाच्या नेतृत्वाखाली.

कायद्याची रचनाही या निवडीला अनुकूल आहे. जमातीजमातींत वैर वाढविणाऱ्या उक्तीसंबंधीचे कलम पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत १५३-अ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते १९६ झाले. न्यायालयाने अशा गुन्ह्याची दखल घेण्यापूर्वी केंद्राची वा राज्याची पूर्वसंमती लागते. ही अट दंड प्रक्रिया संहितेच्या १९६ व्या कलमात होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २१७ व्या कलमात ती कायम आहे. अर्थात प्रत्येक अविचारी वाक्यावर खटला भरावा, असे येथे सुचवावयाचे नाही. तसे झाल्यास बोलण्याचेच अवघड होईल. परंतु संमती देणारे शासनच असल्यामुळे त्याचे मौन हेही एक वाचन ठरते. ३ जानेवारी २०२३ रोजी कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने असे ठरविले की, मंत्र्याचे विधान सामुदायिक जबाबदारीच्या तत्त्वावर शासनाच्या माथी मारता येत नाही. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत काहीसे निराळे पडले : विधान शासनाच्या भूमिकेशी सुसंगत असेल तर ते शासनाचे मानता येईल, विसंगत असेल तर व्यक्तीचे. भाषिक दृष्टीने हे दुसरे मत अधिक उपयुक्त आहे. सुसंगत की विसंगत हे ठरविण्यासाठी शासनाला स्वतःची भूमिका वाक्यात मांडावी लागते, आणि अडचण नेमकी तेथेच असते.

भारत शासनाने इस्रायलविषयक उक्तीला खाडकन उत्तर दिल्याचे उदाहरण मुंबईतच आहे, पण ते उलट दिशेचे. १९५० साली भारताने इस्रायलला मान्यता दिली. १९५३ पासून मुंबईत त्याची वाणिज्य वकिलात होती. पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी प्रस्थापित झाले. या मधल्या काळात, १९८२ साली, मुंबईतील इस्रायली वाणिज्यदूत योसेफ हासीन यांनी ‘संडे ऑब्झर्व्हर’ला मुलाखत दिली. भारताचे पश्चिम आशियाविषयक धोरण अरबांच्या आणि देशातील मुसलमान मतदारांच्या धास्तीने ठरते, असा तिचा सूर होता. शासनाने त्यांना अस्वीकार्य ठरवून देशाबाहेर जाण्यास सांगितले. वाणिज्यदूताने यजमान देशाच्या अंतर्गत व्यवहारात ढवळाढवळ करू नये, हे १९६३ च्या व्हिएन्ना संकेताचे ५५ वे कलम सांगते, आणि कारण न देता त्याला नको म्हणण्याचा अधिकार २३ वे कलम देते. कारण न देण्याची ही मुभा फार बोलकी आहे. वाक्य खरे की खोटे याची चर्चा न करता वक्त्यालाच वजा करावयाचे, हा राजनैतिक व्यवहाराचा मान्य प्रघात होय. मजकूर काढून टाकणे ही त्याचीच घरगुती आवृत्ती म्हणता येईल.

स्वतःच्या शब्दांबाबतही शासनाने हीच रीत पाळली. १० नोव्हेंबर १९७५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने झायनवाद हा वंशवादाचा एक प्रकार आहे, असा ठराव ७२ विरुद्ध ३५ मतांनी संमत केला. भारत त्या ७२ त होता. १६ डिसेंबर १९९१ रोजी तो ठराव रद्द झाला तेव्हा भारताने रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. रद्द करणारा ठराव अवघ्या एका वाक्याचा आहे. पूर्वीचे समीकरण का चुकले होते, किंवा चुकले होते की नाही, याविषयी त्यात चकार शब्द नाही.

गोव्यात २०२२ मध्ये घडलेला प्रसंग या सर्वांहून गुंतागुंतीचा आहे. आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या समारोपात, २८ नोव्हेंबर रोजी, परीक्षक मंडळाचे अध्यक्ष व इस्रायली दिग्दर्शक नादाव लापिद यांनी ‘द काश्मीर फाइल्स’ हा चित्रपट प्रचारकी व असभ्य असल्याचे व्यासपीठावरूनच सांगितले. दुसऱ्या दिवशी इस्रायलचे राजदूत नाओर गिलॉन यांनी त्यांना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि पाहुण्याला देव मानणाऱ्या यजमानांची लापिद यांनी अप्रतिष्ठा केली, अशी खंत व्यक्त केली. तीन परदेशी परीक्षकांनी पुढे लापिद यांना पाठिंबा दिला; भारतीय परीक्षकांनी ते वैयक्तिक मत ठरविले. लापिद यांनीही काश्मिरी पीडितांचा अवमान करण्याचा हेतू नव्हता असे सांगितले, परंतु चित्रपटाविषयीचे मत बदलले नाही. एवढ्यावरून हे प्रकरण ज्यूद्वेषाचे ठरत नाही. ते तसे झाले ते प्रतिक्रियांत. एका ज्यू कलावंताच्या मताला उत्तर म्हणून ज्यूंच्या संहाराविषयीच शंका घेणारे लेखन झाले, आणि संहारातून वाचलेल्या व्यक्तीचा पुत्र या नात्याने आपल्याला त्याचे अतीव दुःख झाले, असे गिलॉन यांनी त्याच पत्रात लिहिले. काही दिवसांनी हिटलरची स्तुती करणारा, त्यांना आलेला एक संदेश त्यांनी नाव झाकून प्रसिद्ध केला आणि तो भारतातील स्नेहाचा निदर्शक नाही, असे जोडले. पत्राची वाक्यरचना पाहण्यासारखी आहे : दोष जातो तो लापिद यांच्याकडे, संहार नाकारणारे मात्र केवळ ‘प्रतिक्रिया’ या अनामिक शब्दात सामावतात. मैत्री टिकविण्यासाठी राजदूताने कर्ता लपविला. गोव्यात झाकलेला हा कर्ता वर्षभराने मुंबईत नावानिशी पुढे आला, तेव्हा वकिलातीला निषेधाचे पत्र लिहावे लागले.

वाक्य न वाचता वक्त्याला वजा करण्याची घाई सज्जनाच्याही मुळावर कशी येते, याचे उदाहरण जर्मनीत सापडते. १० नोव्हेंबर १९८८ रोजी, नाझींनी ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली त्या घटनेला पन्नास वर्षे झाली म्हणून, पश्चिम जर्मनीच्या संसदेचे अध्यक्ष फिलिप येनिंगर यांनी भाषण केले. त्या काळचा सामान्य जर्मन मनुष्य हिटलरकडे कसा पाहत होता हे दाखविण्यासाठी त्यांनी त्या माणसाचे विचार त्याच्याच शब्दांत, पण ‘असे त्याला वाटे’ ही खूण न लावता मांडले. ज्यूंनी हे ओढवून घेतले नाही काय, अशा धाटणीचे प्रश्न अध्यक्षांच्या मुखातून ऐकून सभासद उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी येनिंगर यांनी राजीनामा दिला. पुढे जर्मनीतील ज्यूंच्या मध्यवर्ती मंडळाचे नेते इग्नात्स बुबिस यांनी त्याच भाषणातील काही भाग स्वतः वापरला, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. मराठीत या कामासाठी ‘म्हणे’ हा एक लहानसा शब्द आहे. तो वाक्यात टाकला की बोलणारा उक्तीपासून अलग होतो. येनिंगर यांच्या भाषेत इतकी सोपी खूण नव्हती असे नाही; त्यांनी ती वापरली नाही आणि त्यांच्या आवाजानेही ती दिली नाही. श्री. राऊत यांच्या प्रश्नात आणि येनिंगर यांच्या प्रश्नात शब्द जवळजवळ सारखे आहेत. एकाचा उद्देश द्वेष उघडा पाडण्याचा होता, दुसऱ्याच्या वाक्याने द्वेषाला कारण बहाल केले. पद गेले ते पहिल्याचे.

कारणवाचक प्रत्येक विधान मात्र एकाच मापाने मोजता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक फ्रांचेस्का अल्बानीझे यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये असे म्हटले की, ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यातील बळी ज्यू होते म्हणून मारले गेले नाहीत, तर इस्रायलच्या दडपणुकीची ती प्रतिक्रिया होती. इस्रायलने त्यांना प्रवेश नाकारला, फ्रान्स व जर्मनीने निषेध केला, आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने, त्यांच्या एकंदर कार्याचा ठपका ठेवून, त्यांच्यावर निर्बंध लादले. हल्लेखोरांच्या स्वतःच्या घोषणा व लेखन पाहता ते विधान एकांगी ठरते, आणि मृतांच्या आप्तांना ते निर्दय वाटल्यास नवल नाही. तरी ते उघड विधान आहे. त्यात दावा लपलेला नाही, म्हणून पुरावा देऊन ते खोडता येते. आर्थिक निर्बंध हे खंडन नव्हे. ब्रिटनमध्ये २००६ साली लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी एका ज्यू वार्ताहराची तुलना छळछावणीच्या पहारेकऱ्याशी केली म्हणून त्यांना चार आठवडे निलंबित करण्यात आले, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केले; तेथे निदान प्रसंग, पद व शब्द यांची लेखी छाननी तरी झाली.

शासनाने वक्त्याला नव्हे तर मजकुरालाच हात घातल्याचे उदाहरण पाहावयाचे तर पुन्हा कोकणातून गेलेल्या माणसांकडेच यावे लागते. इस्रायलला स्थलांतर केलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांविषयी तेथील मुख्य धर्माधिकाऱ्यांच्या कार्यालयाने १९६२ साली सूचना काढल्या. त्यांत या जमातीचे नाव घेऊन, विवाहेच्छूंच्या मातृवंशाची मागे जाता येईल तितकी चौकशी करावी, असे म्हटले होते. हे कार्यालय राज्याचेच असल्यामुळे ती शासकीय उक्ती होती. हेतू जमातीला हिणविण्याचा नसून धर्मशास्त्राचा आहे, हा खुलासा झाला. तो मराठी बोलणाऱ्या या मंडळींनी मानला नाही. त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली, धरणे धरले आणि मागणी केली ती कोणाच्या राजीनाम्याची नव्हे, मजकूर बदलण्याची. ऑगस्ट १९६४ मध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या शासनाने संसदेपुढे सांगितले की, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्माधिकाऱ्यांनी सूचनापत्रातील जमातीचे नाव काढून, ज्यांच्या वंशाविषयी शंका असेल त्या सर्वांना लागू पडेल अशी सामान्य शब्दयोजना केली. चौकशीची तरतूद राहिली. ‘बेने इस्राएल’ ही दोन पदे तेवढी गेली, आणि त्यानंतर धरणे उठले.